पेरलेलं लोखंड

१

पहिला खिळा निघाला तेव्हा सुकेशनीला त्याचं काही वाटलं नाही. शेत म्हटलं की खिळा, नाल, तारेचा तुकडा निघायचाच. दुसरा निघाला तेव्हा मशीनवाला नागनाथ हसलासुद्धा. पण सकाळी आठपासून अकरापर्यंत बन्सीधरच्या मोकळ्या रानात बांधाच्या कडेनं मशीन एकशे चौदा वेळा वाजली, आणि एकशे चौदा वेळा खुरप्याच्या टोकाला आला तो खिळाच. सगळे दोन इंची, सगळे एका मापाचे आणि एकालाही म्हणावा तसा गंज चढलेला नाही.

नागनाथनं कानावरचा हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

"ताई, हे रानातलं लोखंड न्हाई. हे कुनीतरी टाकलंय, आन तेबी दोन-तीन दिसातच."

हरभरा निघून गेलेलं मार्चचं काळं रान हातभर भेगाळलेलं होतं. खिळे त्या भेगांमधून आत उतरले होते, त्यामुळं वरून एकही नजरेला पडत नव्हता. सुकेशनी तिथंच ढेकळावर बसली. तिच्या हातातल्या पिशवीत चुन्याची फक्की होती. जिथं मशीन वाजेल तिथं चिमूटभर चुना टाकायचा, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. पिशवी निम्मी रिकामी झाली होती; शेवटी उकरणं सोडून त्यांनी रानाच्या टोकापर्यंत नुसता चुनाच टाकत नेला होता.

ती सोनं शोधत नव्हती की गुप्तधन. ती आपला बाप शोधत होती.

सिद्धोधन, पूर्णेच्या रेल्वेत ट्रॅकमन म्हणून हाडं झिजवून रिटायर झालेला माणूस, मागच्या सप्टेंबरात एका सकाळी सहा वाजता शेताकडं म्हणून गेला आणि परत आला नाही. ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद झाली. पूर्णा, नांदेड, अकोला, जिथं जिथं गाड्या जातात तिथल्या फलाटांवर त्याचे फोटो लागले. सहा महिने झाले. मालनबाई, त्याची बायको, अजून दोन्ही वेळेला त्याच्या वाटणीची भाकर थापून दुरडीत झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी भाकर गायीपुढं टाकायची. स्वतः मात्र अर्ध्या भाकरीवर उठायची. फेब्रुवारीत तिला दोनदा चक्कर आली. डॉक्टरनं सलाईन लावलं आणि सुकेशनीला बाजूला घेऊन सांगितलं की हिचं दुखणं औषधाचं नाही. माणूस आहे की गेला, एवढं जरी कळलं तरी ही जगेल, नाहीतर उन्हाळा काढायची नाही.

तेव्हा सुकेशनीला सळई आठवली. वीस वर्षांपूर्वी रुळाचा तुकडा दादांच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, डाव्या मांडीवर पडला होता आणि रेल्वेच्या डॉक्टरांनी हाडात स्टीलची वीतभर लांब सळई घातली होती. थंडीत ती मांडी ठणकायची. मालनबाई रोज संध्याकाळी कोमट तेल लावून ती चोळायची. माणूस मातीत गेला तरी सळई जात नाही, हा विचार ती कामाला होती त्या परभणीच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावता लावता तिच्या मनात आला, आणि तिला स्वतःचीच किळस आली. पण आल्यावर तो गेला नाही.

आणि वेळही नव्हता. ज्या पाणंदीनं दादा शेतावर जायचे, तिच्यावर सोमवारी मुरूम पडणार होता. दोन्ही अंगाच्या शेतांच्या कडा घेऊन रस्ता रुंद व्हायचा होता. एकदा रोलर फिरला की खालची माती कुणी उकरू देणार नव्हतं. आज शुक्रवार होता.

२

दोन दिवसांपूर्वी, बुधवारी, ती एसटीनं जिंतूरला गेली होती. नागनाथचं तिथं मोटार-रिवायंडिंगचं दुकान. मळणीत कुणाची बोरमाळ हरवली, जमिनीतला पाईप सापडेना, की लोक त्याच्याकडं येत. त्याच्याकडं दोन मशिनी होत्या.

साधी मशीन हलकी, भाडंही हलकं. खाली धातू असला की वाजते. मग तो खिळा असो, पैंजण असो की बिअरच्या बाटलीचं झाकण. काय आहे ते उकरल्यावरच कळतं. दुसरी मोठी, पडद्याची. ती आवाजही वेगवेगळे काढते आणि पडद्यावर आकडाही दाखवते. लोखंडाचा आकडा वेगळा, स्टीलचा वेगळा, तांब्याचा वेगळा. बटण दाबलं की लोखंडाला ती मुळी ओळखच देत नाही, वरून गेली तरी गप्प. भाडं तिप्पट, आणि ती शनिवारपर्यंत मानवतला पाईपलाईनच्या कामावर गेलेली.

नागनाथनं प्रामाणिकपणे सांगितलं की हाडातली सळई शोधायची तर मोठीच घ्या. सुकेशनी म्हणाली, साधीच द्या, शुक्रवारी या. जास्तीचं भाडं कशाला, असंही म्हणाली. नागनाथनं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, पण गिऱ्हाइकाच्या मनात शिरायची त्याला सवय नव्हती.

त्या संध्याकाळी घरी दोन माणसं बसली होती. एक धम्मानंद, दादाचा धाकटा भाऊ, सेलूला शिक्षक. विहिरीच्या पाळीवरून दोघा भावांचं वर्षभर बोलणं बंद होतं, ते गावाला माहीत होतं. दुसरा बन्सीधर. पाणंदीलगतचं पहिलं रान त्याचं. चाळीस वर्षांची दोस्ती. दादा गेल्यापासून तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा, स्वतःच चुलीवरचा चहा गाळून सगळ्यांना द्यायचा. त्या दिवशीही त्यानं कप पुढं केला तेव्हा मालनबाई सवयीनं म्हणाली की बन्सीभाऊ, उजव्या हातानं देत जावा, आणि त्यानं निमूट हात बदलला. या एका गोष्टीवरून त्या घरात चाळीस वर्षं चेष्टा चालायची.

सुकेशनीनं दोघांना सगळं सांगितलं. कुठली मशीन घेतली, ती काय करते, काय करत नाही, आणि दादाच्या रोजच्या वाटेनं शुक्रवारी ती कशी फिरवायची. बन्सीधर म्हणाला, चांगलं केलंस, महागाची घेऊन काय उपेग. धम्मानंद कप खाली ठेवून उठला.

आणि आता शुक्रवारी दुपारी एकशे चौदा खिळे तिच्यासमोर फडक्यावर पडले होते. रिकाम्या रानात उगाच कुणी लोखंड टाकत नाही. ज्याला मशीन आंधळी करायची आहे तोच टाकतो. आणि मशीन आंधळी करायची गरज कुणाला पडते, हे कळायला तिला शिकलेलं असायची गरज नव्हती. सहा महिने छातीशी धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या हातून निसटलं. खिळे सापडले म्हणजे दादा सापडले होते.

फक्त कुठं, आणि कुणी, एवढंच राहिलं होतं.

३

पहिला संशय नागनाथवरच. साधी मशीन फसली की बाई मोठी घेणार, तिप्पट भाडं. सुकेशनीनं बांधावर बसूनच त्याला तोंडावर विचारलं. नागनाथ असा चिडला की त्याचे कान लाल झाले. त्याची गंमत अशी की चिडूनही तो नीट मुद्द्याचं बोलला. ताई, तुमचं गाव मला माहीत होतं. रान कुठलं, कुठल्या बांधानं जायचं, ते मला आज सकाळी तुम्ही सांगितलं. मग मी बुधवारी-गुरुवारी खिळे कुठं टाकणार, साऱ्या शिवारात? हे खरं होतं. तिनं त्याची माफी मागितली. त्यानं ती लगेच दिली, आणि मोठी मशीन शनिवारी संध्याकाळी मानवतहून उचलून रविवारी सकाळी हजर करतो, भाड्याचं बघू, असंही म्हणाला.

"पन एक करा," तो गाडीला किक मारता मारता म्हणाला. "मोठी येनार हे कुनाला सांगू नगा."

मग उरले दोघं.

शनिवारी सकाळी ती सेलूला गेली. धम्मानंद दारात उभाच होता, जणू तिची वाट बघत. घरात न नेता त्यानं तिला अंगणातल्याच बाजेवर बसवलं. पोलिसांना तुम्ही का सांगितलंत की दादा बुद्धगयेला जायचं म्हणत होते, असं तिनं विचारलं. कारण तो जबाब होता म्हणूनच ठाण्यात कुणी फार धावपळ केली नव्हती. म्हातारा गेला असंल तीर्थाला, येईल परत, असं म्हणून फाईल कपाटात गेली होती.

धम्मानंदनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाला की ते खोटं होतं. दादा तसं कधीच बोलला नव्हता. "वहिनी दारात बसून होती, सुकेशनी. तिला कुठंतरी बघायला जागा पाहिजे होती. म्हनून मी बुद्धगया म्हनलो. मला काय ठाऊक, पोलीस तेच धरून बसतील."

सहा महिने! या माणसाच्या भलेपणानं सहा महिने खाल्ले होते. तरी ती उठताना त्याच्या पाया पडली, कारण तो रडत होता आणि तिचा चुलता होता.

एसटी परभणीहून पूर्णेकडं निघाली तेव्हा ती दोघांचा हिशेब मांडत बसली. मशीन कुठली ते दोघांनाही माहीत. सळई दोघांनाही माहीत. भांडण एकाशीच, खोटा जबाबही त्याचाच. मग बन्सीधरवर मन का अडतंय? आणि अचानक तिला रस्त्याचं आठवलं.

पाणंदीच्या रुंदीसाठी बैठक झाली तेव्हा एकेका शेतकऱ्यानं एकेका फुटासाठी ग्रामसेवकाशी कुस्ती खेळली होती. बोटभर बांध सोडायला कुणी तयार नव्हतं. एकट्या बन्सीधरनं कुणी न मागता आपल्या कडेची पाच फूट पट्टी लिहून दिली. गावानं टाळ्या वाजवल्या. सिद्धोधनची लय इच्छा होती रस्त्याची, त्याच्या नावानं देतो, असं तो म्हणाला होता, आणि ते ऐकून मालनबाईनं डोळ्याला पदर लावला होता.

सगळे खिळे त्याच पट्टीत होते.

पण हे पुरेसं नव्हतं. बन्सीधरची पट्टी म्हणून बन्सीधरचाच हात असं थोडंच आहे? धम्मानंदही तिथं खिळे टाकू शकला असता, दुसऱ्याच्या रानात संशय ढकलायला. एवढ्यावर चाळीस वर्षांच्या दोस्ताचं नाव घेतलं आणि चुकलं, तर आईला ती तोंड दाखवू शकली नसती. आणि सोमवार परवावर आला होता.

४

ती गावात उतरली तेव्हा घराला कडी होती. शेजारच्या कडूबाईनं सांगितलं की तुझी माय रानाकडं गेली.

सहा महिन्यांत मालनबाईनं त्या वाटेवर पाय ठेवला नव्हता. सुकेशनी धावतच निघाली. मालनबाई बांधावर, पाणंदीच्या वरच्या अंगाला, डोक्यावर पदर घेऊन उभी होती आणि खाली चुन्याच्या पांढऱ्या ठिपक्यांकडं बघत होती. उन्हात काळ्या रानावर ते ठिपके लख्ख दिसत होते. सुकेशनीला कालपासून ते नुसते ठिपके वाटत होते.

"हे खत कुनी फेकलंय?" मालनबाईनं विचारलं.

सुकेशनीला आधी वाटलं की आईचं डोकं ठिकाणावर नाही. तिनं हळू आवाजात समजावलं की हे खत नाही, खिळे आहेत, काल मशीननं शोधलेत. मालनबाईनं मान हलवली. खिळे असोत की युरिया, तिला त्याचं काही नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या रानात खत फेकून तिचे खांदे उतरले होते. तिला फेक ओळखू येत होती.

मग तिनं दाखवलं. बघ, इथं दाट, मग एक पाऊल रिकामं, मग परत दाट. हे चालत चालत मुठीनं फेकलेलं आहे, बादली एका हाताला अडकवून. गावाकडच्या टोकाला मुठी भरलेल्या आहेत, तिकडं लिंबाच्या झाडाकडं विरळ होत गेल्यात, म्हणजे बादली तिकडं जाईपर्यंत सरली. म्हणजे माणूस गावाकडनं लिंबाकडं चालला. बांधावरनंच चालला, कारण पायाखाली एकही ठिपका नाही.

सुकेशनीनं त्या बाजूनं तोंड करून पाहिलं. गावाकडं पाठ, लिंबाकडं तोंड. बन्सीधरचं रान तिच्या डाव्या हाताला आलं.

"खत फेकनारा रान आपल्या फेकायच्या हाताला घेतो," मालनबाई म्हणाली. "उजव्या हाताचा मानूस असता तर लिंबाकडनं गावाकडं आला असता. मंग तिकडं दाट पडलं असतं. उलटं कुनी फेकत न्हाई, खांदा भरून येतो."

आपण काय बोललो ते तिच्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. सुकेशनीला ते तिच्या चेहऱ्यावर चढताना दिसलं. चाळीस वर्षं ती एकाच माणसाला उजव्या हातानं दे म्हणून टोकत आली होती.

मालनबाई बांधावर बसली. सुकेशनी तिच्याजवळ बसली, आणि पाणंदीवरून कुणाची तरी बैलगाडी गेली.

संध्याकाळी बन्सीधर नेहमीसारखा आला. मालनबाईनं त्याच्या हातचा चहा घेतला. कप तिनं तोंडाला न लावताच खाली ठेवला. सुकेशनीनं फक्त एवढंच सांगितलं की मशीन फुकट गेली, रान खिळ्यांनी भरलंय, आता उद्या सकाळी शेवटचं एकदा फिरून बघणार. बन्सीधर म्हणाला, मी पण येतो.

५

रविवारी सकाळी सातला नागनाथ आला. गाडीवरून त्यानं लांबट काळी पेटी उतरवली, आणि बन्सीधरचा चेहरा पडला. तो एकटक त्या पेटीकडं बघत राहिला. सुकेशनीचा फोन गेल्यावर धम्मानंदही सेलूहून पहिल्या गाडीनं आला होता आणि एका बाजूला उभा होता. मालनबाई बांधावर.

नागनाथनं पडदा चालू केला, लोखंड बंद केलं आणि गावाकडच्या टोकापासून निघाला. मशीन उरलेल्या खिळ्यांच्या वरून जात होती आणि गप्प होती. दहा पावलं, वीस पावलं. सुकेशनी त्याच्या मागोमाग चालत होती, आणि प्रत्येक गप्प पावलाला तिला बरं वाटत होतं. तिला त्याची लाज वाटली. तेव्हाच तिला कळलं की बुधवारी जिंतूरला तिनं साधी मशीन का मागितली होती. भाड्याचं काही नव्हतं. मोठी मशीन घेतली असती तर दादा सापडले असते, आणि तिला ते सापडायला नको होते. साधी मशीन घेऊन तिला आपण शोधलं एवढंच म्हणायचं होतं. खिळे टाकणाऱ्याचं आणि तिचं मागणं त्या दिवशी एकच होतं.

तिसाव्या पावलाला मशीन वाजली. शुक्रवारचा खरखरीत आवाज नव्हता. स्वच्छ, लांब, एकसारखा.

नागनाथनं पडद्याकडं पाहिलं, मग आडवी फिरवून पाहिली. आवाज वीतभर लांबीत चालला आणि थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

बन्सीधर बांधाला टेकून खाली बसला. तो आपणहून बोलायला लागला, मान खाली घालून, जणू कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगत होता. सोयाबीनला रानडुकरं लागली होती. त्यानं बांधाकडेनं तार ओढून तिच्यात थेट खांबावरचा करंट सोडला होता. सिद्धोधननं दोनदा बजावलं होतं की बन्सी, एखादं माणूस मरंल. तो रोज उजाडायच्या आत करंट काढायचा. त्या दिवशी डोळा लागला. पाणंदीत मांडीएवढा गारा होता, म्हणून सिद्धोधन बांधावरनं आला.

"मी आलो तवा संपलं होतं," तो म्हणाला. "जेलात जाईन म्हनून भ्यालो. तुमच्या लोकांना कसं तोंड दावू म्हनून भ्यालो. खड्डा माझ्याच हातानं केला."

धम्मानंद त्याच्या अंगावर धावला. सुकेशनीनं त्याला अडवलं. तिला मारायचं नव्हतं, तिला एकच विचारायचं होतं.

"आणि रोज संध्याकाळी घरी येऊन चहा पीत होता?"

बन्सीधरनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"रोज सांगायलाच यायलो होतो, माय. रोज चहा पिऊन जायलो होतो."

धम्मानंदनं ठाण्याला फोन लावला. ते येईपर्यंत कुणी काही हलवू नका, असं पलीकडून सांगितलं. ऊन वर आलं. नागनाथच्या हातातली मशीन त्याच जागेवर होती आणि एकसारखी वाजत होती; बंद करायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मालनबाई बांध उतरून आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिची पाठ सरळ दिसत होती. ती त्या जागेपाशी खाली बसली, भेगाळलेल्या मातीवर डाव्या अंगाला तळहात ठेवला आणि नागनाथला म्हणाली की बाबा, बंद कर आता ती. मशीन बंद झाली. रान एकदम शांत झालं.

पूर्णेकडून पोलिसांची गाडी पाणंदीला लागली. दोन माणसं फावडी घेऊन उतरली. मालनबाई उठली नाही. त्यांनी बाजूला व्हा म्हटलं तेव्हा तिनं मातीवरचा हात हळूच चोळल्यासारखा फिरवला, आणि मग सरकून जागा दिली.

"हळू उकरा," ती म्हणाली. "डावा पाय दुखतो त्यांचा."